कागुया, उराशिमा आणि सोन्याची भुकटी: परीकथेचं जपानी पेन घेताना

काळ्याभोर दांड्यावर बांबूचं बन, एका पेरातून फुटलेला सोनेरी उजेड आणि टोपणावर पूर्ण चंद्र. असं पेन फोटोत दिसलं की किंमत बघायच्या आधीच माणूस विरघळतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. जवळपास तेच चित्र एका दुकानात काही हजारांना मिळतं, दुसऱ्या दुकानात काही लाखांना, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच चकाकतात. दोन्हीतला फरक कळायला चित्र कशावर आणि कशाने काढलंय ते बघावं लागतं.

म्हणून आधी एक शब्द पक्का करा: उरुशी. जपानी लाखकाम म्हणतात ते हे. पण आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख डोळ्यांसमोर आणलीत तर पुढचं सगळं चुकेल. आपली लाख किड्यापासून मिळते, उष्णतेने मऊ होते, स्पिरिटमध्ये विरघळते. उरुशी हा एका झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला चिरे पाडून एका हंगामात साधारण २०० मिलिलिटर चीक मिळतो. तो उन्हात वाळत नाही. साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ७० ते ८० टक्के दमटपणा असलेल्या पेटीत तो हळूहळू घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की पुन्हा मऊ होत नाही. ही उरुशी ओली असतानाच तिच्यावर सोन्याचांदीची भुकटी पेरून जे चित्र उठवतात ते माकी-ए. शब्दाचा अर्थच ‘पेरलेलं चित्र’. पेनची किंमत, त्याची नाजूक जागा, त्याची निगा या सगळ्याचं मूळ या चिकात आहे.

हाताशी काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग, घड्याळजी वापरतात तसलं. यावाचून खरेदीला जाऊ नका.
- बोथट सुईची ५ मिलिलिटरची सिरिंज
- रबरी फुग्याची छोटी पिचकारी (कान धुण्याची चालते, नवी घ्या)
- धुऊन मऊ झालेलं सुती कापड, शक्यतो जुन्या मलमलीचं
- डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते
- साधी, पाण्याने धुतली जाणारी निळी किंवा काळी शाई
- शाई न फुटणारा कागद. वहीचं पान ५४-६० जीएसएमचं (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असेल तर चांगलं पेनही वाईट वाटतं, आणि दोष पेनला लागतो.

## १. आधी कथा ओळखा

विकणारे कुठल्याही सारसाला ‘परीकथा’ म्हणतात. कथेचं पेन हवं असेल तर कथेची खूण चित्रात सापडली पाहिजे. नेहमी भेटणाऱ्या कथा अशा:

कागुया-हिमे. म्हाताऱ्या बांबूतोड्याला उजळलेल्या बांबूत तीन सुन, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर उंचीची मुलगी सापडते. मोठी झाल्यावर ती पाच उमेदवारांना अशक्य वस्तू आणायला सांगून वाटेला लावते आणि शेवटी चंद्रावर परत जाते. जाताना ठेवून गेलेलं अमरत्वाचं औषध सम्राट सर्वांत उंच डोंगरावर जाळायला लावतो. त्यामुळे बांबू, चंद्र आणि धूर निघणारा फुजी हे तिन्ही एकत्र दिसले तर ती कागुयाच. नुसता बांबू असेल तर तो नुसता बांबू.

उराशिमा तारो. कासवाच्या पाठीवरून समुद्रतळीच्या र्‍यूगू महालात गेलेला कोळी. तो परत येतो तेव्हा गावात शेकडो वर्षं उलटलेली असतात, आणि ‘उघडू नकोस’ म्हणून दिलेली पेटी उघडताच तो म्हातारा होतो. बघायचं काय? गळ, कमरेचा गवती झगा, दोरीने बांधलेली पेटी. शेपटीसारखं लांब शेवाळ ओढत जाणारं कासव मात्र दीर्घायुष्याचं चिन्ह असतं, ते एकटं दिसलं म्हणून उराशिमा समजू नका. इथे सर्वांत जास्त फसगत होते.

सारसाचं ऋण. वाचवलेला सारस बाईच्या रूपात येऊन स्वतःची पिसं उपटून कापड विणतो. माग किंवा विणलेलं कापड चित्रात हवं. सारस आणि पाइन एवढंच असेल तर ते लग्नाच्या आहेराचं शुभचित्र.

ओरिहिमे. आकाशगंगेच्या अल्याड-पल्याड अडकलेली विणकर मुलगी आणि गुराखी. ७ जुलैचा तानाबाता सण यांचाच. बांबूला बांधलेल्या कागदी पट्ट्या, दोऱ्याची रिळं, मॅगपाय पक्ष्यांचा पूल.

मोमोतारो आणि इस्सुन-बोशी. पहिल्यात पीच, कुत्रा, माकड आणि फेझंट. दुसरा बोटभर उंचीचा वीर. वाटीची नाव, चॉपस्टिकचं वल्हं, सुईची तलवार. त्याच्या गोष्टीत जादूची मोगरी येते. पण तीच मोगरी तांदळाच्या पोत्यांवर उभ्या असलेल्या जाड्या हसऱ्या बुवाच्या हातात असेल तर तो दाइकोकुतेन, सात भाग्यदेवतांपैकी एक. हा मुळात आपला महाकाल, आणि त्याच सातांमधली वीणेसारखं वाद्य धरलेली बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. पेन देवतांचं निघालं म्हणून वाईट होत नाही, पण परीकथेच्या नावाने जादा पैसे मोजू नका.

चंद्रावरचा ससा मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. ‘शशांक’ शब्द आपल्याकडे आहेच. जपानी ससा तिथे उखळात मोचीचा चिकट भात कांडत असतो. लाटांवरून धावणारा ससा मात्र वेगळी नक्षी आहे, तिचा चंद्राच्या गोष्टीशी थेट संबंध नाही. आणि बेडूक-सशांची कुस्ती दिसली तर ती क्योटोच्या कोझान-जी मंदिरातल्या जुन्या चित्र-गुंडाळ्यांवरून घेतलेली असते, परीकथेतून नव्हे.

## २. सजावट कोणत्या जातीची आहे ते ठरवा

पैसा इथे जातो, म्हणून या टप्प्यावर सावकाश चला.

रंगीत रेझिन. चित्र नसतं. कथेचा भाव रंगातून आणि रेझिनमधल्या चमकीतून आणलेला असतो. सेलर कंपनीच्या शिकिओरी मालिकेतली कागुया आणि र्‍यूगू महालाच्या नावांची पेनं या जातीची. सोन्याची निब मिळते, रोज वापरता येतात, पडलं तर काळीज फाटत नाही. पहिलं पेन म्हणून माझं मत यालाच.

किंदाई माकी-ए, म्हणजे आधुनिक माकी-ए. यात रेघा छापाच्या तंत्राने उमटवतात, वर थोडी भुकटी किंवा हाताचा स्पर्श असतो. फसवणूक नाही, कंपन्या नावातच तसं सांगतात. फसवणूक होते ती मधला विकणारा ‘किंदाई’ हा शब्द गाळून नुसतं ‘माकी-ए’ लिहितो तेव्हा.

हिरा माकी-ए. सपाट. उरुशीने रेघ काढायची, ती ओली असताना बांबूच्या किंवा पिसाच्या नळीतून बोटाच्या टिचकीने भुकटी पेरायची, वरून पातळ उरुशी देऊन घासायचं. बोट फिरवलं तर जेमतेम जाणवतं.

तोगिदाशी माकी-ए. चित्र काढून झाल्यावर सगळ्या पेनवर उरुशीचा थर चढवतात आणि मग कोळशाने घासत घासत चित्र पुन्हा वर आणतात. पृष्ठभाग काचेसारखा सपाट, चित्र आतून उजळल्यासारखं. चंद्रप्रकाश, धुकं, पाण्याखालचा महाल याला हे तंत्र फार शोभतं. रोज हाताळायच्या पेनला हातकामांत हेच सर्वांत सोशिक, कारण घासायला वर काही आलेलंच नसतं.

ताका माकी-ए. उठावाचं काम. कोळशाची पूड आणि उरुशीने आकृती उंच करून मग तिच्यावर सोनं. कासवाच्या पाठीचे चौकोन बोटाला लागतात. दिसायला राजेशाही, आणि पहिली झीज याच उंचवट्यांवर येते. उठाव आणि तोगिदाशी एकत्र करणारं शिशिआई तोगिदाशी हे सर्वांत अवघड काम. एकेका पेनला महिने लागतात.

याशिवाय रादेन म्हणजे शिंपल्याच्या पातळ तुकड्यांची जडण (समुद्रतळाच्या दृश्यांत हमखास), आणि चिंकिन म्हणजे घट्ट झालेल्या उरुशीत कोरून त्या खाचांत सोनं भरणं. चिंकिनसाठी वाजिमा गाव प्रसिद्ध. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत या गावाची मोठी हानी झाली, तेव्हा तिथल्या कारागिरांच्या कामाला वेळ लागत असेल तर विकणाऱ्याशी हुज्जत घालू नका.

आता भिंग घ्या. भिंगाखाली छापील सोनं सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांचं किंवा एकसलग पत्र्यासारखं दिसतं आणि रेघेची कड कापल्यासारखी असते. पेरलेल्या सोन्याचे कण लहानमोठे दिसतात, मध्ये दाट आणि कडेला विरळ होत जातात, नदीकाठच्या वाळूसारखे. ढग किंवा धुकं बघा. सोन्यातून काळ्यात जाणारी ती उतरती छटा हाताने पेरल्याशिवाय साधत नाही. रेघ जिथे संपते तिथे कुंचला उचलल्याची निमुळती शेपटी असते. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे नेमकी हीच जागा मागा: ढगाच्या कडेचा आणि सहीचा, मॅक्रो लेन्सने काढलेला फोटो.

सही सोन्यात किंवा लाल उरुशीत, बहुधा दांड्यावर खालच्या बाजूला असते. बाजूला काओ, म्हणजे कारागिराची लाल खूण. नामिकीच्या पेनवर कोक्कोकाई या कारागीर-मंडळाचं नावही दिसतं. नामिकी ही पायलट कंपनीची शाखा. कंपनी १९१८ मध्ये सुरू झाली, माकी-ए पेनं १९२५ पासून, आणि कोक्कोकाई १९३१ मध्ये गोनरोकू मात्सुदा यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. सही नसलेलं पेन खोटंच असतं असं नाही, स्वस्त मालिकांत सही नसते. पण सही आहे, किंमत कमी आहे आणि भिंगाखाली ठिपके दिसतायत, असं तिन्ही जुळलं तर दुकानातून बाहेर पडा.

## ३. निब आणि शाई भरायची सोय

जपानी निबा एक माप बारीक असतात. युरोपीय पेनची ‘एफ’ (बारीक) तुम्हाला सवयीची असेल तर जपानी ‘एम’ (मध्यम) घ्या, म्हणजे जवळपास तीच रेघ मिळेल. नेहमीच्या ८ मिलिमीटर ओळीच्या वहीत देवनागरी लिहायला ‘एफ’ किंवा सेलरची या दोन्हींच्या मधली ‘एमएफ’ पुरते. ‘क्ष्म’, ‘द्ध’, ‘ष्ठ’ यांची पोटं मोकळी राहतात. ‘ईएफ’चा (अतिबारीक) मोह टाळा. आपण शब्द संपला की शिरोरेखा एका दमात ओढतो, तिथे फार बारीक टोक कागद खरवडतं. बोरूच्या वळणाची हौस असेल तर म्युझिक निब बघा. उभ्या रेघा जाड आणि आडव्या बारीक पडतात, अक्षराला जरा रुबाब येतो, पण शाई खूप पिते आणि लहान अक्षरांत घाण करते.

शाईच्या नळीचं मोठं लफडं म्हणजे पायलट, सेलर आणि प्लॅटिनम या कंपन्यांचे कार्ट्रिज (भरलेली नळी) आणि कन्व्हर्टर (पुन्हा भरता येणारी नळी) एकमेकांत बसत नाहीत. जोर लावलात तर सेक्शनच्या, म्हणजे निब बसवलेल्या पुढच्या भागाच्या, आतलं टोक तडकतं. पायलट-नामिकीला कॉन-४० किंवा कॉन-७०. दुसऱ्यात साधारण १ मिलिलिटर शाई मावते, पण तो लांब-जाड असल्यामुळे प्रत्येक पेनमध्ये जात नाही. पेन घेतानाच त्याच दुकानातून योग्य कन्व्हर्टर घ्या, तो भारतात शोधत बसण्यापेक्षा स्वस्त पडतो.

थोराड पेनं, उदाहरणार्थ नामिकी एम्परर, ड्रॉपरने भरायची असतात. दांड्यातच शाई. मागच्या टोकाला फिरकी असते, तिच्यातून आत गेलेली दांडी निबेकडची वाट बंद करते. लिहिण्याआधी ही फिरकी २-३ मिलिमीटर सैल करायची, लिहून झाल्यावर आवळायची. हे माहीत नसेल तर पानभर लिहून पेन कोरडं पडतं, आणि लोक निब बिघडली म्हणून तक्रार करतात.

वजनही विचारा. नामिकी युकारीचा दांडा पितळेचा, वर उरुशी, म्हणून हाताला जड. एम्परर एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, आकाराने मोठा पण मानाने हलका. सलग तासभर लिहिणाऱ्याने पितळी पेन हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नये. आणि टोपण मागे लावून लिहायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल. टोपणाची आतली कड दांड्यावर घासते आणि चित्राभोवती गोल चरा पडतो. वापरलेलं पेन घेताना हा चरा आधी शोधा.

## ४. विकणाऱ्याला काय विचारायचं

कागदावर उत्तर घ्या, फोनवर नको.

- तंत्राचं पूर्ण नाव काय? ‘माकी-ए’ एवढ्यावर समाधान मानू नका.
- पाया कशाचा आहे: रेझिन, एबोनाइट, पितळ, लाकूड?
- सोनं आहे की सोनेरी पितळी पूड? चांदी आहे का? (चांदी काळवंडते, ते पुढे येतंय.)
- निबेचं माप आणि सोन्याचा कस, १४, १८ की २१ कॅरट?
- पेनात कधी शाई भरली होती का?
- पेटी मूळ आहे का? चांगल्या पेनसोबत किरी लाकडाची पेटी येते, झाकणावर कारागिराची सही असते. पेटीवरची आणि पेनवरची सही एकाच हाताची वाटली पाहिजे. रिकाम्या पेट्या वेगळ्या विकल्या जातात, त्यामुळे पेटी हा पुरावा नव्हे, आधार आहे.

नाकाया कंपनीकडून घडवून घेत असाल तर ते उलट तुम्हालाच विचारतात: पेन किती तिरकं धरता, किती दाब देता. खरं सांगा. निब त्याच मापाने घासून येते. क्लिप नको असेल तर पेन टेबलावरून घरंगळू नये म्हणून धातूची छोटी आकृती अडसर म्हणून लावून मिळते. थांबावं लागतं, महिने जातात.

## ५. जपानमधून आणणं

स्वतः जात असाल तर मूळ पासपोर्ट खिशात ठेवा, झेरॉक्स चालत नाही. तिथला १० टक्के उपभोग कर पर्यटकाला माफ होतो, खरेदी करवगळता किमान ५,००० येनची हवी. सध्याच्या पद्धतीत दुकानदार कर वजा करून पैसे घेतो. १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना परतावा घ्यायचा, अशी पद्धत ठरली आहे. जपानमध्ये नोकरी किंवा शिक्षणाच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी मंडळींना ही सूट नाही, म्हणून ‘तिथल्या पुतण्याकडून घेऊ, कर वाचेल’ हा हिशेब चुकतो. टोकियोत गिंझाची इतोया आणि निहोनबाशीची मारुझेन इथे पेन हातात घेऊन बघता येतं. काउंटरवरच्या कापडी ट्रेवरच पेन ठेवा, अंगठी-बांगड्या काढून ठेवा. कुणी सांगणार नाही, पण सगळे बघत असतात.

परतताना पेन हातातल्या बॅगेत, पावतीसकट. करमुक्त सामानाच्या मर्यादेपेक्षा किंमत जास्त असेल तर विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेत जाऊन सांगायचं. पेन वापरात आहे, खिशाला लावलंय, असल्या युक्त्या करू नका. लाखाच्या वस्तूवर हजारांची चतुराई महाग पडते.

टपालाने मागवत असाल तर हे तयार ठेवा:

- आधार किंवा पॅन, पार्सलवर असेल अगदी त्याच नावाचं. ‘बाळासाहेब’ नावाने ऑर्डर आणि कागदपत्रांवर ‘दत्तात्रय’, असं झालं की पार्सल अडकतं.
- विकणाऱ्याचं बिल: वस्तू ‘फाउंटन पेन’, मूळ देश जपान, खरी किंमत, ९६०८ हा सीमाशुल्काचा शीर्षक्रमांक
- पैसे दिल्याचा पुरावा, बँकेचा किंवा कार्डाचा
- पूर्ण किमतीचा विमा

शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर बघून एकूण किंमत काढा, गेल्या वर्षी कुणी किती भरलं त्यावर जाऊ नका. विकणारा प्रेमाने म्हणेल, ‘भेटवस्तू लिहितो, किंमत कमी दाखवतो.’ ठाम नकार द्या. टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंची जुनी सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली (राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून), आणि कमी किंमत लिहिलेलं पार्सल हरवलं तर विमाही तेवढाच मिळतो.

शाईच्या बाटल्या त्याच पार्सलमध्ये मागवू नका. फुटली तर किरी लाकडाची पेटी शाई पिऊन टाकते. पार्सल आलं की लेबल दिसेल असं धरून, न थांबता व्हिडिओ घेत उघडा.

## ६. पहिली भरणी

नव्या उरुशीला आंबूस वास येतो. तो दोष नव्हे, पेन पेटीबाहेर सावलीत कापडावर ठेवलं की महिन्याभरात कमी होतो. एक सावधगिरी मात्र कोकणातल्या माणसाला चटकन कळेल. उरुशीचं झाड बिब्बा, काजू आणि आंब्याच्याच कुळातलं. बिब्बा उततो तशी कच्ची उरुशीही उतते. पूर्ण पिकलेल्या, म्हणजे घट्ट झालेल्या, उरुशीने सहसा काही होत नाही. पण ज्यांना आंब्याच्या चिकानेही तोंडाला फोड येतात त्यांनी अगदी ताजं पेन लगेच वापरू नये, आणि बोटांना खाज सुटली तर पेन बाजूला ठेवून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

आता क्रम.

अ) सेक्शन दांड्यापासून सोडवा. दांडा आणि टोपण कापडात गुंडाळून टेबलाच्या लांबच्या कडेला ठेवा. पुढची सगळी ओली कामं फक्त सेक्शनवर होणार आहेत.

आ) साध्या गार पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पिचकारीने ते निबेतून चार-पाच वेळा काढा. कारखान्यातलं तेल राहिलं असेल तर शाई अडखळते. मग डिस्टिल्ड पाणी, स्वच्छ येईपर्यंत.

इ) निब बाटलीत बुडवून भरू नका. सिरिंजने शाई थेट कन्व्हर्टरमध्ये भरा आणि तो सेक्शनला लावा. बाटलीत बुडवलं की शाई सेक्शनच्या धातूच्या कड्याखाली जाऊन बसते, मुलामा खाते, आणि कड्याजवळच्या उरुशीला डाग देते.

ई) कन्व्हर्टरची मूठ हलकेच फिरवून निबेखालच्या जिभलीपर्यंत शाई आणा. थेंब दिसला की थांबा, कागदावर टिपा.

उ) दांडा लावताना उठावाच्या चित्रावर चिमटीचा जोर देऊ नका. तळहाताने धरा. दांडा लागला की बास, आवळू नका.

ड्रॉपरच्या पेनात दांडा चार पंचमांश भरा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीस मोहरीएवढं, जास्त लावलं तर ते शाईत उतरतं. शाई एक तृतीयांशाच्या खाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब टपकतो. महत्त्वाच्या कागदावर सही करण्याआधी अशा पेनात शाई आहे किती ते बघून घ्यावं. विमानात फिरकी आवळलेली आणि निब वर.

शाईबाबत कंजूस राहा. पहिले सहा महिने साधी शाई. कार्बन किंवा पिगमेंटची शाई सोन्याच्या निबेला मारत नाही, पण जिभलीत वाळली तर निघत नाही, आणि मग पेन सोडवायला दिलेल्या माणसाचे हात चित्रावर पडतात. चमकीची शाई या पेनांत नकोच. चमक बाहेर पुरेशी आहे.

## ७. निगा, आणि काय कशामुळे बिघडतं

ऊन. उरुशीचा खरा शत्रू. अतिनील किरणांनी चकाकी मरते, काळा रंग तपकिरीकडे झुकतो, आणि ते परत येत नाही. खिडकीशेजारचं लेखनटेबल, गाडीचा डॅशबोर्ड, काचेचं शोकेस, तिन्ही बाद.

स्पिरिट. हाताला सॅनिटायझर लावल्यावर तो पुरता उडेपर्यंत पेन धरू नका. पिकलेली उरुशी सहज विरघळत नाही, पण वरचा चकाकीचा हात आणि सोन्यावरचा पातळ थर पुन्हापुन्हा ओला होऊन निस्तेज होतो. चांदीचं पॉलिश, टूथपेस्ट, कार वॅक्स यांचं नावही काढू नका. माकी-एवरचं सोनं इतकं पातळ असतं की एकदा ‘चमकवलं’ की उंचवट्यावर खालचा थर दिसू लागतो.

पाणी. शिंतोडा उडाला तर लगेच टिपा. दांडा किंवा टोपण पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, अल्ट्रासॉनिक यंत्रात तर मुळीच नाही. रादेनचे तुकडे सुटतात.

रबर आणि गंधक. रबरबँड, स्वस्त रबरी अस्तराची पेटी यांतल्या गंधकाने चांदीची भुकटी काळी पडते. चांदीचा चंद्र असलेली कागुया दोन वर्षांत अमावास्येला पोचते ती अशी. डांबरगोळ्याही त्याच कप्प्यात नकोत.

पावसाळा. दमटपणा उरुशीला मानवतो, पण मुंबई-कोकणात बुरशी येते ती पेटीच्या लाकडाला आणि आतल्या कापडाला. सिलिका जेलची पुडी कपाटात ठेवा, पेनच्या पेटीत नको. आत ठेवली की फार कोरडं होतं, आणि पाया लाकडाचा असेल तर तो आखडून वरचा थर तडकू शकतो. दर पंधरवड्याला पेटी तासभर सावलीत उघडी टाका.

नखं आणि खिसा. एका कप्प्यात एकच पेन. शर्टाच्या खिशात चिल्लर, किल्ली, दुसरं पेन असेल तर तिथे जागा नाही. जपानी दुकानांत पेनसाठी शिवलेली किमोनोच्या कापडाची पिशवी मिळते. आपल्याकडे जुन्या रेशमी काठाच्या साडीची शिवून घेतली तरी तेच काम होतं, फक्त जर आतल्या बाजूला येऊ देऊ नका.

रोजची स्वच्छता एवढीच: लिहून झालं की कोरड्या मलमलीने, न दाबता, दांड्याच्या लांबीच्या दिशेने एकदा पुसायचं. गोल घासलं की बारीक चरे चित्राभोवती वेढे घालतात. दर चार ते सहा आठवड्यांनी, किंवा शाई बदलताना, सेक्शन धुवायचं. पेन महिनाभर वापरणार नसाल तर शाई काढून, निब खाली करून कागदाच्या रुमालावर रात्रभर निथळत ठेवायची.

चित्राला टवका गेला तर तुकडा जपून ठेवा आणि डिंकाला हात लावू नका. सायनोअ‍ॅक्रिलेटचा (झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा) एक थेंब पडला की मूळ कारागीरही ती जागा खरवडल्याशिवाय दुरुस्त करू शकत नाही. फोटो काढा, पेटीवरच्या सहीचाही काढा, आणि ज्या दुकानातून घेतलं तिथे विचारा. निब घासून घ्यायची असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे फक्त सेक्शन पाठवा. दांडा आणि टोपण घरीच राहू देत.